परीक्षा न दिलेला राजदूत: आप्पासाहेब पंत आणि नव्या देशाची वकिली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे राजदूत नव्हते, मग वरिष्ठ पदांवर माणसं आली कुठून? औंधच्या राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत १९४८ साली एकही परीक्षा न देता भारताचे कमिशनर म्हणून थेट नैरोबीला गेले, हा सरळसरळ वशिला नव्हता का?

मी परराष्ट्र सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढला, त्यातली काही वर्षं पूर्व आफ्रिकेत. आप्पासाहेबांनी जिथे काम उभं केलं तिथे, त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी, मी कनिष्ठ अधिकारी म्हणून रुजू झालो. त्यामुळे हा प्रश्न मी कधी कोरडेपणाने पाहू शकलेलो नाही. त्यांची निवड नेहरूंनी केली आणि परीक्षा झाली नाही, हे खरंच आहे. पण वशिला म्हणजे लायकी नसलेल्याला मिळालेली जागा. आप्पासाहेबांकडे एक असा अनुभव होता, जो दिल्लीच्या सचिवालयात शोधून सापडला नसता. स्वतःच्या घराण्याची सत्ता त्यांनी स्वतः खपून लोकांच्या हवाली केली होती. माझ्या मते नैरोबीतली सहा वर्षं त्याच शिदोरीवर निघाली.

आधी त्या वेळची परिस्थिती. भारतीय परराष्ट्र सेवा स्थापन करायचा निर्णय ९ ऑक्टोबर १९४६ चा, म्हणजे स्वातंत्र्याच्या जेमतेम दहा महिने आधीचा. पहिली फळी मिळेल तिथून गोळा करावी लागली. आयसीएस या इंग्रजांच्या सनदी सेवेतले काही जण इंग्रजांच्या काळातच परदेशी राहिलेले होते. गिरिजाशंकर बाजपेयी १९४१ पासून वॉशिंग्टनला एजंट जनरल, म्हणजे भारताचे प्रतिनिधी, होते, के. पी. एस. मेनन चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, चुंगकिंगला. बाजपेयी स्वातंत्र्यानंतर खात्याचे सेक्रेटरी जनरल झाले, मेनन पहिले परराष्ट्र सचिव. राजकारणातून विजयालक्ष्मी पंडित मॉस्कोला आणि आसफ अली वॉशिंग्टनला गेले. सरदार पणिक्कर पतियाळा आणि बिकानेर संस्थानांच्या चाकरीतून आले आणि चीनमध्ये राजदूत झाले. सैन्यातूनही माणसं उचलली. १९७९ ते १९८२ या काळात परराष्ट्र सचिव असलेले आपले राम साठे हे त्या वाटेने आलेले, आणि सुरुवातीच्या दिवसांत ते पार चीनच्या पश्चिम टोकाला, कॅश्गरला होते.

परीक्षेतून आलेले पहिले लोक यांच्या हाताखाली तयार झाले. परीक्षा म्हणजे न्याय, असं तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेलं दिसतं, म्हणून सी. बी. मुथम्मा यांची आठवण देतो. परीक्षेतून १९४९ मध्ये सेवेत आलेली ही पहिली स्त्री अधिकारी. लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागेल, आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यावा लागेल, असा नियम फक्त स्त्रियांसाठी होता. बढती डावलली गेली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. तीस वर्षं लागली. तेव्हा दाराशी परीक्षा होती की नेमणूक, एवढ्यावरून त्या सेवेची पारख होत नाही.

आता औंध. तुम्ही साताऱ्याचे, त्यामुळे यमाईचा डोंगर आणि संग्रहालय तुम्ही पाहिलेलंच असणार. राज्य म्हणजे बहात्तर गावं, तीही सलग नव्हेत: आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे. लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास. राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. त्यांनीच १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परत आले ते ऐन पंचविशीत. बंगळूरला विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना चालवणारे मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश अभियंते त्यांच्यासोबत औंधला आले. दोघांनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला, आणि १९३९ च्या सुरुवातीला औंधला राज्यघटना लागू झाली. गावाने पंच निवडायचे, पंचायतींतून तालुक्याची समिती, तिच्यातून राज्याची सभा. गावच्या महसुलाचा मोठा वाटा गावातच ठेवायचा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, तिथे शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय, शेती करत राहू लागले.

मला यातला तपशील महत्त्वाचा वाटतो. घोषणा करणं सोपं असतं, पण पंचायतीचा हिशेब चुकला, पंच आपसात भांडले, सावकाराने निवडणूक फिरवली, तर काय करायचं? आप्पासाहेब राज्याचे दिवाण म्हणून ते रोज पाहत होते. ‘हे लोक अजून तयार नाहीत’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या दरबारात पुष्कळदा ऐकलं असणार. दहा वर्षांनी नैरोबीत तेच वाक्य त्यांना इंग्रजीतून ऐकू आलं, तेव्हा त्याचं मोल काय हे त्यांना ठाऊक होतं.

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी ते नैरोबीला गेले. वय पस्तीस. हुद्दा राजदूताचा नव्हता. केनिया ही वसाहत, सार्वभौम देश नव्हे, म्हणून तिथे राजदूत असूच शकत नव्हता. ‘कमिशनर’ असायचा, तोही इंग्रजांच्या संमतीने. कार्यक्षेत्र मात्र अफाट: केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांजिबार (आजचा टांझानिया), शिवाय दोन्ही ऱ्होडेशिया (आजचे झांबिया आणि झिंबाब्वे), न्यासालँड (आजचा मलावी) आणि बेल्जियमच्या ताब्यातला काँगो. आम्हा मिशनप्रमुखांना तीन धनी असतात असं आमच्यात म्हणतात: यजमान सरकार, आपलं खातं आणि तिथे राहणारे आपले लोक. आप्पासाहेबांना चौथाही होता, ज्याच्याशी बोलायची त्यांना औपचारिक मुभाच नव्हती. तो म्हणजे आफ्रिकी माणूस.

त्या वेळी केनियात आफ्रिकी लोक पन्नास लाखांवर, आपल्याकडून गेलेले लाखाच्या घरात आणि गोरे तीस हजारांच्या आसपास. उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव. रेल्वे बांधायला १८९६ ते १९०१ या काळात तीस हजारांहून जास्त हिंदी मजूर नेले होते, त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले. गावोगावची दुकानं गुजराती आणि पंजाबी लोकांची, कचेऱ्यांतले कारकून बरेचसे गोव्याचे. आफ्रिकी माणसाला गोरा क्वचित भेटे, मीठ-कापड विकणारा हिंदी दुकानदार रोज भेटे. राग कोणावर निघणार हे उघड होतं.

अशा ठिकाणी दिल्लीहून सूचना काय मिळत असतील असं तुम्हाला वाटतं? परराष्ट्र खातं १९४७ पासून १९६४ पर्यंत नेहरूंनी स्वतःकडेच ठेवलं होतं आणि त्यांचं धोरण एका ओळीचं होतं: आफ्रिकेत आफ्रिकी लोकांचं हित आधी, तिथले भारतीय हे त्यांचे पाहुणे. बस्स. या ओळीतून सोमवारी सकाळी कचेरीत काय करायचं ते निघत नाही. जुन्या देशाच्या राजदूताला कपाटातल्या शंभर वर्षांच्या फायली वाट दाखवतात. नव्या देशाच्या राजदूताचं कपाट रिकामं असतं, त्यात पहिला कागद त्यालाच ठेवावा लागतो.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर घराचं दार उघडं ठेवलं. नैरोबीत तेव्हा हॉटेलं, मोहल्ले, शाळा सगळं रंगावर वाटलेलं. भारताच्या कमिशनरच्या बंगल्यावर मात्र आफ्रिकी पाहुणे जेवायला येत. आफ्रिकी लोकांचे पुढारी जोमो केन्याटा यांच्याशी त्यांची मैत्री झाली, किकुयू समाजातल्या वजनदार कोइनांगे घराण्याशी घरोबा झाला. आज हे वाचताना साधं वाटेल. पण वसाहतीच्या पोलिसांच्या वहीत यातल्या प्रत्येक जेवणाची नोंद होत असणार, आणि आपल्याच काही व्यापाऱ्यांना ते खुपत होतं, कारण त्यांचे परवाने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात होते.

दुसरं काम शिष्यवृत्त्यांचं. आफ्रिकी मुलांना शिकायला भारतात पाठवायचं. नव्या देशाकडे ना पैसा ना आरमार, कॉलेजं मात्र होती. या कामाची फळं मी स्वतः पाहिली. माझ्या नेमणुकीच्या काळात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला नैरोबीबाहेरच्या त्यांच्या घरी बोलावलं होतं. वीस-बावीस वर्षांचे असताना मोंबासाहून बोटीने मुंबईला आलेले. भिंतीवर मुंबई विद्यापीठाची पदवी काचेत लावलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शिक्का स्पष्ट. चहा ओतता ओतता ते मला म्हणाले, मराठीत, अगदी बस कंडक्टरच्या सुरात, “पुढे चला, पुढे चला!” तेवढंच मराठी त्यांना येत होतं. गिरगावच्या खाणावळीत वाढप्याने पहिल्या दिवशी न विचारता पानात भाताचं दुसरं वाढप घातलं, ते त्यांना चाळीस वर्षांनी आठवत होतं. नैरोबीत त्या काळी कुठल्याही हॉटेलात त्यांना बसायला मिळत नव्हतं. भारताबद्दल त्या माणसाचं मत बदलायला नंतर कुठलाही करार पुरला नसता आणि कुठलंही भांडण पुरलं नाही.

तिसरी गोष्ट गांधीजींच्या स्मारकाची. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांनी त्यासाठी निधी जमवला होता. आप्पासाहेबांचा आग्रह असा, की त्या पैशातून सगळ्या वर्णांच्या मुलांना शिकता येईल अशी संस्था उभी राहावी. तो निधी पुढे नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजात गेला, आणि आजच्या नैरोबी विद्यापीठाचं मूळ त्या कॉलेजात आहे.

२० ऑक्टोबर १९५२ ला गव्हर्नर बेरिंग यांनी आणीबाणी जाहीर केली. निमित्त माऊ माऊचं, म्हणजे गोऱ्यांच्या सत्तेविरुद्ध किकुयू लोकांनी केलेल्या सशस्त्र बंडाचं, त्याच रात्री केन्याटांसह अनेकांना अटक. खटला चालवला कापेनगुरियाला, जिथे ना हॉटेल ना तारेची धड सोय. वकिलांना वीसेक मैलांवर किटालेला राहून ये-जा करावी लागे. बचावासाठी लंडनहून बॅरिस्टर प्रिट आले. नेहरूंनी दिल्लीहून दिवाण चमनलाल यांना पाठवलं. स्थानिक वकिलांमध्ये कपिला, जसवंत सिंग आणि मूळ गोव्याचे तरुण फिट्झ डिसूझा होते. वसाहतीचं सरकार ज्याला बंडाचा सूत्रधार म्हणत होतं, त्याच्या बचावाला एका मित्रदेशाच्या पंतप्रधानाने आपला खासदार धाडणं, हे कमिशनरला किती अवघड गेलं असेल याची कल्पना आमच्या पेशातल्या माणसाला चटकन येते. दिवसा गव्हर्नरच्या कचेरीत सौजन्याने बोलायचं, आणि रात्री तार लिहायची.

त्या तारेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आमचं खरं काम तिथे असतं. तेव्हा सांकेतिक तार अक्षरन् अक्षर हाताने संकेतात उतरवावी लागे, म्हणून ती तोकडी असे. सविस्तर अहवाल राजनैतिक थैलीतून विमानाने जाई. दिल्लीला आवडेल ते लिहायचा मोह भयंकर असतो. मीही एकदा त्याला बळी पडलो. एका देशात लष्कर अस्वस्थ आहे हे मला तीन जणांकडून कळलं होतं, पण आमच्या मंत्र्यांचा दौरा ठरला होता, म्हणून मी ‘परिस्थिती सामान्य’ असं लिहिलं. सहा आठवड्यांत तिथलं सरकार पडलं. कोणी मला जाब विचारला नाही, पण ते दोन शब्द मला आजही टोचतात. आप्पासाहेबांनी केनियाबद्दल उलटं केलं. बंड म्हणजे जंगली टोळ्यांचा उच्छाद, हे सरकारी म्हणणं त्यांनी जसंच्या तसं दिल्लीला कळवलं नाही. मुळाशी हिरावलेली जमीन आहे, हे ते सांगत राहिले.

किंमत चुकवावी लागलीच. गोऱ्या मळेवाल्यांनी आणि वसाहतीच्या सरकारने लंडनमार्फत दिल्लीकडे तक्रारींचा धोशा लावला आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून हलवण्यात आलं. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. नेहरूंनी त्यांना काढायला नको होतं असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्याच्या नेमणुकीला यजमानाची संमती लागते, त्याची तिथली उपयुक्तता संमती गेली की संपते. मग त्याला मानाने उचलून दुसरीकडे न्यावं, हेच शहाणपण. केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला तेव्हा केन्याटा पंतप्रधान होते.

यानंतरची नेमणूक मात्र मला नेहमी अस्वस्थ करते. १९५५ पासून १९६१ पर्यंत ते गंगटोकला ‘पोलिटिकल ऑफिसर’ होते. पद इंग्रजांचं, बंगला इंग्रजांनी बांधलेला. सिक्कीम १९५० च्या तहाने भारताच्या संरक्षणाखाली आलेलं, भूतानशी संबंधही याच कचेरीतून, आणि ल्हासा, ग्यांत्से, यातुंग इथली आपली ठाणीही हिच्याच देखरेखीखाली. म्हणजे ज्याने स्वतःचं संस्थान लोकांना देऊन टाकलं, तो आता दुसऱ्या संस्थानिकाकडे दिल्लीचा माणूस म्हणून बसला होता. शिवाय पायाखालची वाळू सरकत होती. २९ एप्रिल १९५४ च्या करारान्वये तिबेटातली आपली लष्करी तुकडी, तारघरं, विश्रामगृहं आपण सोडून दिली होती. ग्यांत्सेची कचेरी त्याच वर्षीच्या पुरात वाहून गेली, आणि पुन्हा बांधायला चीनने जागेचा प्रश्न लोंबकळत ठेवला. १९५८ च्या सप्टेंबरात नेहरू भूतानला गेले तेव्हा भारतातून सरळ रस्ताच नव्हता. नथू ला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून, म्हणजे चीनच्या ताब्यातल्या मुलखातून, घोड्यांवर आणि याकांवर पारोला जावं लागलं. आप्पासाहेब सोबत होते. सहा महिन्यांत, मार्च १९५९ मध्ये, दलाई लामा भारतात आले आणि ती वाट बंद झाल्यातच जमा झाली. तिबेटी लोकांवर त्यांचा मनापासून जीव होता. पण नैरोबीत त्यांचं मन आणि देशाचं धोरण एका दिशेने चालत होतं, इथे तसं राहिलं नव्हतं. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आयुष्यात असा काळ येतोच. तेव्हा आपलं मत फाईलवर स्पष्ट लिहायचं आणि बाहेर सरकारची भूमिका मांडायची, याला दुसरी वाट नाही.

जकार्ताचा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण तो प्रशिक्षणात शिकवावा असा आहे. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यासाठी भारताने १९४९ मध्ये दिल्लीत परिषद भरवली होती, १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला सुकार्नो प्रमुख पाहुणे होते. आणि १९६२ मध्ये, आप्पासाहेब तिथे राजदूत असताना, ३ सप्टेंबरला जमावाने आपल्या दूतावासावर हल्ला केला. कारण काय, तर जकार्तातल्या आशियाई क्रीडास्पर्धेत इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही म्हणून आपले क्रीडा पदाधिकारी सोंधी यांनी त्या स्पर्धेच्या नावालाच हरकत घेतली. सोंधी सरकारचे माणूस नव्हते, पण जमाव तो फरक करत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात, खवळलेल्या प्रेक्षकांसमोर, आपल्या फुटबॉल संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक घेतलं. पुढच्याच महिन्यात चीनचं युद्ध सुरू झालं. दहा-बारा वर्षांची मैत्री एका हरकतीने तडकते, आणि राजदूताला फुटलेल्या काचांसकट त्याच कचेरीत बसून काम चालू ठेवावं लागतं.

त्यानंतर ऑस्लो, कैरो (१९६७ चं युद्ध त्यांच्या तिथल्या काळातलं), १९६९ ते १९७२ लंडनला उच्चायुक्त आणि शेवटी रोम. लंडनचा काळ बांगलादेशच्या युद्धाचा. पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीब जानेवारी १९७२ मध्ये लंडनमार्गेच दिल्लीला आणि ढाक्याला गेले. हुद्द्याच्या दृष्टीने हे शिखर. तरी माझ्या हिशेबी त्यांचं मोठं काम नैरोबीचंच, जिथे त्यांचा हुद्दा सगळ्यांत लहान होता.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की यावर प्रबंध लिहायचा विचार आहे. तर आधी दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आप्पासाहेबांचे कागद आहेत ते पाहा. सुरुवात ऑक्टोबर १९५२ च्या आधीच्या कागदांपासून करा. आणीबाणीनंतरचं सगळेच वाचतात. मग दोन गोवेकर वंशाच्या केनियन माणसांचा माग काढा: गोव्याच्या पोर्तुगीजविरोधी चळवळीतून १९४९ मध्ये केनियात परतलेले पियो गामा पिंटो, ज्यांचा १९६५ मध्ये नैरोबीत खून झाला, आणि गोवेकर बाप नि मासाई आई यांचे पुत्र जोसेफ मुरुंबी, जे स्वतंत्र केनियाचे परराष्ट्रमंत्री आणि मग उपराष्ट्राध्यक्ष झाले. मुरुंबींनाही रिकामंच कपाट मिळालं होतं. त्यांनी त्यात पहिला कागद कोणता ठेवला, ते शोधा आणि मला जरूर कळवा.